तळाची बारीक ओळ आधी वाचा : युद्धाच्या जुन्या पोस्टर्सबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात दोन्ही महायुद्धांतली सरकारी पोस्टर्स गोळा करण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेल आले. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा पुरणार नाही, म्हणून जे प्रश्न परत परत आलेत तेच घेतलेत.

प्रश्न (ठाणे) : ताई, मी ऑनलाइन ते लाल 'कीप काम अँड कॅरी ऑन' (शांत राहा आणि पुढे चालत राहा) पोस्टर घेतलं, साडेचार हजारांना. विकणारा म्हणतो १९३९ चं ओरिजिनल आहे. पेपर पिवळा पडलाय, साइज ए थ्री आहे. खरं असेल का?

उत्तर : नाही हो, खरं नसणार, आणि हे मी फोटो न बघता सांगतेय कारण साइजमध्येच उत्तर आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा पोस्टर्स इंचाच्या मापात छापायचे, डबल क्राउन म्हणजे २० बाय ३० इंच हे नेहमीचं माप. ए थ्री, ए टू ही मापं तिकडे वापरात नव्हती. जर्मनीत १९२२ पासून होती, त्यामुळे जर्मन पोस्टरला मात्र हा नियम लावू नका.

आता या पोस्टरचं काय झालं ते ऐका म्हणजे ओरिजिनल एवढं दुर्मिळ का ते कळेल. १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश सरकारने लोकांचा धीर टिकवायला तीन पोस्टर्स तयार करून घेतली, त्यातली दोन भिंतींवर लागली आणि हे तिसरं मोठे बॉम्बहल्ले झाले की बाहेर काढायचं म्हणून राखून ठेवलं. छापलेल्या प्रती सुमारे २४ लाख ५० हजार! पण पहिल्या दोन पोस्टर्सवर लोक नाराज झाले, सरकार आम्हाला उपदेश करतंय असं वाटलं त्यांना, आणि १९४० मध्ये कागदाची टंचाई आली तेव्हा या लाल पोस्टरचे गठ्ठेच्या गठ्ठे लगदा करायला गेले. म्हणजे लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा तळघरात बसलेल्या बहुतेक माणसांनी हे पोस्टर कधी बघितलंच नाही. पुढे २००० साली इंग्लंडच्या उत्तरेला अॅल्निक गावात जुन्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावातून आणलेल्या खोक्याच्या तळाशी एक प्रत सापडली, दुकानदारांनी ती फ्रेम करून लावली, गिऱ्हाइकं मागायला लागली म्हणून कॉपी काढल्या आणि तिथून ते कप, टी-शर्ट सगळं सुरू झालं. तुमच्याकडे आलंय ते त्या लाटेतलं आहे. पिवळेपणाचं म्हणाल तर चहाच्या पाण्याने कागद पाच मिनिटांत पिवळा होतो. खरा जुना कागद कडांकडून आधी पिवळा पडतो, मागची बाजू कमीजास्त असते, सगळीकडे एकसारखा रंग आला असेल तर तो कोणीतरी आणलेला असतो. पैसे परत मिळायची मुदत असेल तर आजच लिहा.

प्रश्न (पुणे) : घरच्या घरी ओरिजिनल कसं ओळखायचं? काय काय लागतं?

उत्तर : घड्याळजी वापरतात तसलं दहापट दाखवणारं भिंग, एक मोजपट्टी आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, नोटा तपासायला मिळतो तो. बस.

आधी पोस्टरच्या तळाशी जा. चित्राकडे सगळेच बघतात, पण खरं काय ते खालच्या दोन सेंटीमीटरमध्ये असतं. अमेरिकेच्या दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच पोस्टर्सवर तिथे गव्हर्नमेंट प्रिंटिंग ऑफिसचं नाव, साल आणि नंबर असतो. ब्रिटनच्या पहिल्या महायुद्धातल्या भरतीच्या पोस्टर्सवर पार्लमेंटरी रिक्रूटिंग कमिटीचं नाव आणि पोस्टर नंबर सापडतो. ही ओळ नाहीच किंवा आहे पण अक्षरं धुरकट झालीयेत तर थांबा, कारण मोठ्या पोस्टरचा फोटो काढून लहान छापलं की सगळ्यात आधी हीच ओळ बिघडते. आणि म्हणूनच माझा फ्रेमवाल्यांवर एवढा राग आहे, फ्रेममध्ये बसवायला ते नेमकी तीच पट्टी कापून टाकतात, पोस्टरचा जन्मदाखला फाडल्यासारखं आहे ते.

मग भिंग लावा. पहिल्या महायुद्धातली पुष्कळ पोस्टर्स लिथोची, म्हणजे दगडावर मेणकट खडूने चित्र काढून प्रत्येक रंगाला वेगळा दगड. भिंगातून बघितलं की खडूचा खरखरीतपणा दिसतो, ठिपके असले तरी वेडेवाकडे, हाताने टाकलेले. कोणाकडे मळवलीच्या रविवर्मा प्रेसचं जुनं लक्ष्मी-सरस्वतीचं चित्र असेल तर त्याला भिंग लावून बघा, डोळा लगेच तयार होईल. आजच्या छपाईत चार रंगांचे ठिपके शिस्तीत, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल बसलेले असतात. पण इथे एक घोळ होतो, दुसऱ्या महायुद्धापर्यंत ऑफसेट, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून रबरामार्फत छापायची पद्धत, आलेलं होतं त्यामुळे ठिपके दिसले की खोटं असं धरू नका. अक्षरांची कड बघा. खऱ्या पोस्टरवर अक्षर सलग रंगाचं आणि कड स्वच्छ असते, फोटोवरून छापलेल्यात अक्षराची कडसुद्धा ठिपक्यांत फुटलेली दिसते.

टॉर्च अंधारात मारायचा. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी केमिकल घालायला लागले, तो कागद निळसर पांढरा चमकतो. युद्धाच्या काळातला कागद मंद, मळकट राहतो. चमकला तर विषय संपला. नाही चमकला तर मात्र एवढ्यावरून खरं म्हणू नका, कारण जुने कोरे कागद मिळवून त्यावर छापणारेही आहेत.

आणि घड्यांना घाबरू नका. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात पोस्टर्स घडी घालून पोस्टाने पाठवत, त्या घड्या म्हणजे दोष नाही, उलट मी तर त्या शोधते.

हे सगळं मी पैसे घालवून शिकलेय. सुरुवातीला बोट रोखलेल्या अंकल सॅमचं, म्हणजे अमेरिकेचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचं, 'आय वाँट यू' लिहिलेलं ते प्रसिद्ध पोस्टर, जेम्स माँटगोमेरी फ्लॅगचं १९१७ चं, परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवलं होतं. त्याने पाठवलेल्या फोटोत खालचा भाग दिसत नव्हता आणि मी मागितला नाही. पोस्टर आलं, छान होतं, महिनाभर कौतुकाने बघत होते, मग भिंग घेतलं आणि त्यातल्या 'यू' या शब्दाची लाल कड ठिपक्यांत फुटलेली दिसली. त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. विक्रेत्याने उत्तर देणंच बंद केलं. ते पोस्टर मी टाकलं नाहीये, शिकायला येणाऱ्या मुलांसमोर खऱ्याच्या शेजारी ठेवते.

प्रश्न (नाशिक) : मी कॉलेजला आहे, बजेट अगदी कमी. 'वुई कॅन डू इट' वालं ओरिजिनल परवडेल का?

उत्तर : दंडाची बेटकुळी दाखवणाऱ्या कामगार बाईचं ना? ते सोडून द्या. १९४३ च्या फेब्रुवारीत वेस्टिंगहाउस कंपनीच्या कारखान्यांत दोन आठवड्यांपुरतं लावलेलं ते पोस्टर, प्रती साधारण १८००, आणि प्रसिद्ध झालं १९८० च्या दशकात, म्हणजे ज्या काळाची ओळख म्हणून आज ते दाखवतात त्या काळात ते फार थोड्यांनी बघितलेलं. अशी नावाजलेली पोस्टर्स महाग असतात आणि नकलाही त्यांच्याच जास्त निघतात. तुम्ही वॉर बाँडची (युद्धखर्चासाठी सरकारला कर्जाऊ पैसे द्या सांगणारी), अन्न वाया घालवू नका सांगणारी साधी अमेरिकन पोस्टर्स बघा, किंवा त्याहून स्वस्त म्हणजे विमानातून टाकलेली पत्रकं. जर्मन सैनिकांनी शरण यावं म्हणून दोस्त राष्ट्रांनी टाकलेला, त्यांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांच्या सहीचा 'पासिअरशाइन' परवाना प्रचंड संख्येने छापला होता, त्यामुळे अजून आवाक्यात आहे. आणि भिंतीवर नुसतं चित्रच हवं असेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरून मोठ्या साइजच्या फाइल्स फुकट मिळतात, प्रिंट काढा आणि प्रिंट म्हणूनच लावा.

प्रश्न (कोल्हापूर) : नाझींची पोस्टर्स संग्रहात ठेवणं बरोबर आहे का? घरात वडील म्हणतात असलं काही नको.

उत्तर : वडिलांचं मन मोडू नका, त्यांचं म्हणणं बरोबर आहे, निदान भिंतीपुरतं तरी. माझ्याकडे दोन आहेत, फोल्डरमध्ये, कोणी अभ्यासाला मागितली तर काढते. ज्यू माणसाचा चेहरा राक्षसासारखा काढून लोकांना त्यांच्याच शेजाऱ्यांविरुद्ध तयार केलं आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, तो कागद शोभेची वस्तू होऊ शकत नाही. जर्मनीत आजही स्वस्तिकचिन्ह जाहीर दाखवायला कायद्याने बंदी आहे, अभ्यास, कला अशा कामांसाठी सूट आहे. आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक वेगळं हे खरंच, पण पाहुण्यांना ते समजावत बसण्यापेक्षा फोल्डर बरा. आणि फक्त नाझींकडेच बोट दाखवून थांबू नका. अमेरिकन पोस्टर्समध्ये जपानी माणूस उंदरासारखा, पुढे आलेल्या दातांचा काढलाय, तीही तितक्याच सावधपणे हाताळायला हवीत.

आपल्याकडच्या पोस्टर्सबद्दलही हाच विचार करा. पहिल्या महायुद्धातलं उर्दू भरतीचं एक पोस्टर लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये आहे, त्यात युनिफॉर्म, बंदूक आणि पैसे मांडलेत आणि विचारलंय की हे कोण घेणार. देशासाठी लढा वगैरे काही नाही, सरळ पगार. ज्या घरात खायची भ्रांत त्या घराला काय दाखवायचं ते छापणाऱ्याला बरोबर कळत होतं. मला ते पोस्टर बघवत नाही आणि तरी सगळ्यात जास्त वेळ मी त्याच्याकडेच बघत बसते.

प्रश्न (सातारा) : आजोबा मराठा पलटणीत होते, १९४४ ला इटलीत. त्यांच्या ट्रंकेत हिंदी मजकूर असलेला एक छापील कागद निघाला, वर सैनिकाचं चित्र, एका घडीवर फाटलाय. लॅमिनेट करून ठेवू का? परदेशातून एकाने चांगली किंमत सांगितलीये.

उत्तर : दादा, लॅमिनेशन अजिबात नको, हात जोडून सांगते. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की सुटत नाही आणि कागद आतल्या आत जळत राहतो. सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको. जाणकार लोक जपानी कागद आणि गव्हाची खळ वापरतात, ती नंतर पाण्याने सोडवता येते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, आधी फोन करून विचारा. तोपर्यंत कागद अॅसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) पेपरमध्ये सपाट ठेवा, वरून मायलर, म्हणजे पॉलिएस्टरची पारदर्शक शीट, नुसती ठेवायची, चिकटवायची नाही, आणि ट्रंक बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून नको. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटवून ठेवतात तेही नको, कपाट कोरडं ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून बघा.

जर्मनांनी आणि जपान्यांनी भारतीय सैनिकांसाठी पत्रकं टाकलेली आहेत, त्यामुळे तुमचा कागद तसा असू शकतो, बघितल्याशिवाय नक्की म्हणणार नाही. इटलीतच जुलै १९४४ मध्ये मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, त्या लढायांच्या काळात हा कागद कोणाच्या तरी खिशात होता हे लक्षात घ्या. आणि परदेशी पाठवण्याचं म्हणाल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज ७५ वर्षं जुना झाला की तो पुरावशेष धरला जातो आणि तो खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय त्या माणसाला हो म्हणू नका.

मला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, मागची बाजू विसरू नका. आणि तळाशी एखादा बारीक आकडा किंवा अक्षर छापलंय का ते भिंगाने बघून आहे तसं लिहून कळवा, बऱ्याच पत्रकांवर नंबर असतो आणि तो सापडला तर कोणी छापलं तिथपर्यंत जाता येईल. ट्रंकेत त्याच्या शेजारी काय होतं तेही लिहा, आजी किंवा आत्या असतील तर त्यांना विचारा, आजोबांनी तो एवढी वर्षं का जपला ते कदाचित त्यांनाच माहिती असेल.