रस्ट कंपायलरच्या चाचण्या: सुरुवातीला एवढंच करा

भाऊ, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरमध्ये बदल करताना सगळा टेस्ट सूट (म्हणजे सगळ्या चाचण्या) एकदम लावू नका. मे महिन्यात नागपुरात लॅपटॉप तापवायला ऊनच पुरेसं आहे! ज्या भागात बदल करताय तेवढंच फोल्डर कमांडला द्या, उदाहरणार्थ पार्सरसाठी: ‘./एक्स टेस्ट टेस्ट्स/यूआय/पार्सर’. कोडला हात लावण्याआधीही हेच एकदा चालवा, म्हणजे आधीपासूनच पडणारी चाचणी कळेल.

खरी गोम पुढे आहे. एरर किंवा वॉर्निंग देणाऱ्या चाचणीशेजारी ‘.एसटीडीईआरआर’ फाइल असते. तीत कंपायलरकडून अपेक्षित असलेला मजकूर असतो. खरं आउटपुट वेगळं आलं की चाचणी पडते. त्याच कमांडला ‘--ब्लेस’ जोडलं की नवं आउटपुट त्या फाइलवर लिहिलं जातं, बरोबर असो की चूक. त्यामुळे लगेच ‘गिट डिफ’ (फाइलींत काय बदललं ते दाखवणारी कमांड) चालवून ओळन् ओळ वाचा. ज्या फाइलशी तुमच्या बदलाचा संबंध नाही तीही बदललेली दिसली, तर थांबा. बहुधा बग तुमच्याच कोडमध्ये आहे.

नवखे इथे अडकतात:

- ‘.एसटीडीईआरआर’ फाइल हाताने लिहितात. एक स्पेस चुकली तरी चाचणी पडते.
- चाचणीच्या कोडमधल्या ‘//~ एरर’ खुणा (कुठल्या ओळीवर एरर अपेक्षित आहे ते सांगणाऱ्या कॉमेंट) विसरतात. ‘--ब्लेस’ त्या बदलत नाही, त्या तुम्हालाच लिहाव्या लागतात.

रिव्हिजन्स (एकच चाचणी वेगवेगळ्या सेटिंग्जनी चालवणं) आणि कंपेअर-मोड (चाचण्या कंपायलरच्या वेगळ्या पर्यायासह चालवणं) सध्या राहू द्या.