बैल, कपाट आणि पहिला पाऊस

प्रश्न : एसटीत उभ्याने प्रवास करताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो. मागून कुणीच ढकललेलं नसतं. मग हा जोर येतो कुठून?

उत्तर : कुठूनच नाही. बसचा वेग कमी झाला आणि तुम्ही मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहिलात, एवढंच घडलं. पाय बसच्या तळाला टेकलेले असल्यामुळे ते बसबरोबर मंदावले, कमरेच्या वरच्या अंगाला थांबवायला काहीच नव्हतं. कंडक्टरकडे नीट पाहा. दोन्ही पायांत अंतर ठेवून, कंबर सीटच्या दांड्याला टेकवून तो तिकिटं काढतो. ब्रेक लागला की दांडा त्याच्या वरच्या अंगालाही अडवतो. घाटातल्या वळणावर बाहेर फेकल्यासारखं होतं त्यामागेही हेच आहे. बस वळते, आपलं शरीर सरळ जाऊ पाहतं आणि खिडकीची बाजू आपल्यावर येऊन टेकते.

चालत राहायला सतत जोर लागतो असं माणसाला शतकानुशतकं वाटत आलं, कारण ढकलणं सोडलं की हातगाडी थांबते. पण तिला घर्षण थांबवतं. गॅलिलिओने हे ओळखलं आणि न्यूटनने १६८७ साली नियमाच्या रूपात मांडलं. वेग टिकायला जोर लागत नाही, वेग किंवा दिशा बदलायला लागतो.

प्रश्न : माझ्या आठवीतल्या मुलाने विचारलं, बैल गाडीला जेवढ्या जोराने ओढतो तेवढ्याच जोराने गाडी बैलाला मागे ओढते, असं न्यूटनचा तिसरा नियम सांगतो. मग गाडी हलते कशी? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : आधी मुलाची पाठ थोपटा. हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याचा तिसरा नियम नुसता पाठ झालेला असतो.

दोन जोर एकाच वस्तूवर लागले तरच ते एकमेकांना खोडतात. इथे एक जोर गाडीवर आहे, दुसरा बैलावर. दोघांची खाती वेगळी मांडा. समजण्यापुरते आकडे घेऊ (जोर मोजायच्या एककालाही न्यूटनचंच नाव आहे). बैल गाडीला ५०० न्यूटन जोराने पुढे ओढतो, चाकं आणि आस मिळून ४०० न्यूटनने विरोध करतात. गाडीच्या खात्यात १०० उरले, तिने वेग घेतला. आता बैलाचं खातं. गाडी त्याला ५०० न्यूटनने मागे ओढते, हे खरंच. पण तो खुरांनी जमिनीला मागे रेटतो आणि जमीन त्याला तेवढ्याच जोराने पुढे रेटते. हा जोर ५०० हून जास्त असला की बैलही पुढे सरकतो. म्हणजे गाडी चालते ती अखेर जमिनीच्या जिवावर.

उसाने भरलेली गाडी चढावर ओढणारा बैल कधी जवळून पाहिलाय? मान खाली, अंग पुढे झुकलेलं, खूर मातीत रुतवून मगच पाऊल उचलतो. तोच बैल निसरड्या चिखलात आला की ताकद तेवढीच असून जागच्या जागी घसरतो, कारण मागे रेटायला घट्ट जमीन नाही. मुलाला घरी करून बघू द्या. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून जड टेबल ढकलायचं, मग तेच अनवाणी. टेबल तेच, मुलगा तोच, फरक फक्त पायाखाली.

प्रश्न : लोखंडी कपाट जागचं हलेपर्यंत घाम फुटतो, पण एकदा हललं की सरकत जातं. असं का?

उत्तर : थांबलेल्या वस्तूला धरून ठेवणारं घर्षण हे सरकत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. त्यामुळे कपाट हललं की मध्ये थांबू नका. आधी कपडे-भांडी काढून घ्या, वजन घटलं की घर्षणही त्याच प्रमाणात घटतं. आणि कमरेच्या खाली हात लावून ढकला, वरून ढकललं तर ते सरकण्याऐवजी कलंडेल.

प्रश्न : पहिल्या पावसात दुचाकी इतकी का घसरते? टायर तर नवे आहेत.

उत्तर : उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ आणि सांडलेलं तेल पहिल्या सरीत भिजून बुळबुळीत थर होतो. चांगला पाऊस पडून रस्ता धुऊन निघेपर्यंत तो टिकतो. ओल्या रस्त्याची पकड तशीही कमीच असते. ताशी ६० किलोमीटर वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून थांबायला साधारण २० मीटर पुरतात, ओल्यावर ३५ लागू शकतात. त्याआधी ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १७ मीटर गेलेली असते. वेग ४० ठेवलात तर ओल्या रस्त्यावरचे ते ३५ मीटर १६ वर येतात, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं.

वरची कपाटाची गोष्ट इथेही लागू आहे. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी सरकत नसतो, म्हणून त्याला जास्तीचं घर्षण मिळतं. घाबरून ब्रेक दाबला, चाक अडकलं, की टायर सरकायला लागतो. पकड कमी होते आणि तोलही जातो. मागचं चाक अडकून आडवी फिरलेली स्कूटर मी डोळ्यांनी पाहिली आहे, चालवणारी मुलगी हेल्मेटमुळे वाचली. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबा. टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा, आणि वळायला, थांबायला लागणारी सगळी पकड त्यातूनच यायची. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करा.