आजोबांच्या वेळची धनेशाची चोच घरात ठेवली तर गुन्हा होतो का?

तुम्ही विचारलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जुन्या घरात माळ्यावर धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याची वाळलेली चोच सापडली, देव्हाऱ्यात मोरपिसांचा जुडगाही आहे, दोन्ही ठेवलं तर चालेल का. मोरपिसांची काळजी सोडा, चोचीची करा.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मोराच्या शेपटीच्या पिसांना खरेदी-विक्रीच्या बंदीतून वगळलंय. नाहीतर वासुदेवाची टोपीच जप्त करावी लागली असती! पण सूट तेवढ्यापुरतीच. मोराचे पाय, तुरा, सांधेदुखीवर म्हणून कुणी गुपचूप आणून देतं ती चरबी, यातलं काहीच त्यात बसत नाही. पीसही गळून पडलेलंच हवं. देठाला रक्त-मांस चिकटलेलं दिसलं की मोर मारल्याचा संशय येतो. परदेशातल्या पाहुण्यांना मात्र पिसं देऊ नका, निर्यातीला बंदी आहे.

चोच म्हणजे कायद्याच्या भाषेत ट्रॉफी. शिंग, नख, पीस, अंडं, घरटंसुद्धा त्यातच येतं. आपल्या भीमगडच्या रानातले महाधनेश आणि कवड्या धनेश दोन्ही कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत (यादीत) आहेत, म्हणजे गुन्हा शाबीत झाला तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद, शिवाय निदान 25,000 रुपये दंड. ‘आजोबांनी आणली होती’ हे खरंच असेल, पण ताबा कायदेशीर आहे हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. जुन्या वस्तू जाहीर करायला 2003 मध्ये 180 दिवस दिले होते. तेव्हाचं मालकी प्रमाणपत्र घरात नसेल तर बाजू लंगडीच.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगडच्या मामांकडे ठेवून देऊ, असलं डोकं चालवू नका. सीमावाद आपला, हा कायदा केंद्राचा; तिकडेही तोच. फोटोही कुठे टाकू नका. 2023 च्या ऑक्टोबरात कन्नड बिग बॉसमधल्या स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखावरून अटक झाली, ते टीव्हीवर दिसलं म्हणूनच.

2022 च्या दुरुस्तीनंतर मालकी प्रमाणपत्र असलेल्याला अशी वस्तू आपणहून वनखात्याला देता येते, भरपाई मात्र मिळत नाही. प्रमाणपत्र नसेल तर ही तरतूद थेट लागू होत नाही, म्हणून वकील हवाच. आधी वकिलाला दाखवून अर्ज लिहून घ्या: कुठे सापडली, कधी, कुणाचं घर. तो घेऊन फॉरेस्ट ऑफिसात जा. पुढे रानात मेलेला पक्षी सापडला तर उचलूच नका. तो सरकारची मालमत्ता असतो, आणि हाती आलाच तर 48 तासांत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवावं लागतं.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय चोच हातातून सोडू नका.