हळदीच्या अडतीवर एन१०० घ्यावा का रायझन ३ ७३२०यू?

दादा, सांगली मार्केट यार्डातल्या अडतीवर टॅली, जीएसटीची बिलं आणि दोन-चार ब्राउझर टॅब एवढंच काम म्हणताय, प्रोसेसर इंटेलचा एन१०० घ्यावा का एएमडीचा रायझन ३ ७३२०यू असं विचारताय, आणि दुकानदार इंटेलच्याच एन४०२० प्रोसेसरचा लॅपटॉप गळ्यात मारतोय. तो आधी यादीतनं काढा. दोनच कोअर (चिपमधले काम करणारे भाग), त्यात बऱ्याच मॉडेलला ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्तातली मंद साठवण), विंडोजचं अपडेट आलं की दुपार गेली.

स्वस्त चिपमध्ये कात्री कुठं चालवलीय ते बघायचं, गिगाहर्ट्झ नंतर. १९९८ ला इंटेलनं पहिला सेलेरॉन (त्यांची स्वस्त चिप) काढला, २६६ मेगाहर्ट्झ, एल२ कॅश (प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी वेगवान मेमरी) नाहीच, पार आपटला. त्याच वर्षी सेलेरॉन ३००ए आला, कॅश १२८ केबीच पण चिपवर आणि पूर्ण वेगात, पेंटियम २ ची ५१२ केबी होती पण अर्ध्या वेगात चालायची, मग लोकांनी ३००ए ची बस (चिपला बोर्डाशी जोडणारी वाट) ६६ मेगाहर्ट्झची १०० करून तो ४५० वर पळवला आणि महागड्या पेंटियमला घाम फोडला. समोर एएमडीचा के६-२ प्रोसेसर स्वस्तात उभा होता ना, नाहीतर आपखुशीनं कोण देतंय! (त्या ३००ए चं कोडनेम मेंडोसिनो, आणि आता एएमडीच्या ७३२०यू चं पण तेच.)

आता तुमचे दोन. एन१०० मध्ये ४ कोअर, सगळे छोटे, म्हणजे १२व्या पिढीच्या इंटेलमध्ये मोठ्या कोअरच्या जोडीला असतात तेच, ६ एमबी कॅश, ६ वॅट. कात्री मेमरीवर, चॅनेल (रॅमकडं जायची वाट) एकच, ते गेम खेळताना जाणवतं, बिल काढताना नाही. ७३२०यू ला ४ कोअर ८ थ्रेड (एकेक कोअर दोन कामं सोबत धरतो), पण ७ हजारी नंबर बघून नवा समजू नका, त्यातला तिसरा आकडा २ म्हणजे झेन २, एएमडीचं २०१९ चं कोअर-डिझाइन. एल३ कॅश ४ एमबी आणि रॅम बोर्डावरच सोल्डर, ८ जीबीचा घेतला की कायमचा ८.

मी तुमच्या जागी एन१०० चा मिनी पीसी (मॉनिटर वेगळा लावायचा छोटा डबा) घेतला असता, तो पण बिनफॅनचा. यार्डात हळदीची पूड कशी उडते तुम्हाला सांगायला नको, फॅनच्या पात्यांवर आणि जाळीत पिवळा थर बसतो, हवा अडली की चिप तापते आणि स्वतःच वेग कमी करते, मग ८ थ्रेड काय कामाचे. ६ वॅटला नुसती ॲल्युमिनियमची बॉडी पुरते. लाईट गेली तर मात्र लॅपटॉप बरा, मिनी पीसीला छोटा यूपीएस धरूनच हिशोब करा, आणि जुन्या मॉनिटरला एचडीएमआय आहे का बघा, नुसता व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर लागेल.