४५ अंश पुस्तकात ठीक, वाळूत नाही

प्रश्न : सर, मी चोपडा तालुक्यातला, अकरावी सायन्सला. लांब उडीत जिल्ह्याला जायचंय. पुस्तकात दिलंय ४५ अंशात फेकलेली वस्तू सगळ्यात लांब जाते, म्हणून महिनाभर उंच उडायची प्रॅक्टिस केली तर ५.६० वरून ५.२० वर आलो. आणि हवेत सायकलसारखे पाय मारले तर अंतर वाढतं का?

उत्तर : अरे भो, ४५ डिग्री आपल्याकडे मे महिन्यात, उडीत नाही! पुस्तक खोटं नाहीये, पण त्यात धरलेलं असतं की कोन कोणताही घ्या, सुरुवातीचा वेग तोच. माणसाचं तसं नसतं. हिशोब कर, तू फळीवर, म्हणजे जिथून उडी घेतोस त्या पट्टीवर, सेकंदाला ८ मीटरने आलास असं धरू, ४५ अंश हवे तर वर जायचा वेगही ८ च पाहिजे, म्हणजे सव्वातीन मीटर वर, शाळेच्या स्लॅबवरच उतरशील की. जागेवरून ६० सेंटीमीटर उडणाऱ्या पोराचा वरचा वेग साडेतीनच्या आत असतो आणि फळीवर पाय टिकतो सेकंदाचा आठवा भाग, तेवढ्यात ढकलणार किती? मग कोन वाढवायला पुढचा वेग मारणं एवढंच उरतं, आणि महिनाभर तू तेच करत होतास, शेवटची पावलं दबकून टाकत असशील, मित्राला व्हिडिओ काढायला लाव म्हणजे दिसेल. ८ पुढे अन् ३ वर केलं तर कोन येतो २० च्या जरा वर. मोठे खेळाडूही १८ ते २४ मध्येच उडतात, माईक पॉवेलची १९९१ ची टोकियोतली ८.९५ मीटर उडी तर अजून कोणाला मोडता आलेली नाही.

वरचा वेग मिळतो तो असा : शेवटून दुसरं पाऊल जरा लांब, कंबर खाली येते, शेवटचं आखूड, पाय सपाट आणि किंचित पुढे, गुडघा कडक. पळताना शेताच्या बांधाला ठेच लागली की अंग कसं उसळतं, तसंच. पण त्याच ठेचेमुळे अंग हवेत तोंडावर कलंडायला बघतं, आणि सायकल मारायची ती यासाठी, अंतरासाठी नाही. फळी सुटली की गुरुत्वमध्याचा, म्हणजे अंगाच्या वजनाच्या मध्यबिंदूचा, रस्ता ठरला, मग पाय मारा नाहीतर हात जोडा. फक्त कलंडणं थांबलं की पाय पुढे फेकून उतरता येतं, तिथे थोडं वाचतं.

आणि उतरल्यावर मागे टेकू नको, मोजतात फळीच्या सगळ्यात जवळच्या खुणेपासून. आमच्या एका पोराने झकास उडी मारली अन् डावा हात मागे टेकला, ४० सेंटीमीटर गेले, अजून त्या हाताला शिव्या देतो.