पार्किंगचा दंड थेट पगारातून कापला, हे चालतं का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी संभाजीनगरात एका खासगी हॉस्पिटलात सिस्टर आहे, सहा वर्षं झाली, नाव छापू नका. आमच्याकडं पार्किंग एका ठेकेदाराला दिलंय. स्टाफनं गाड्या मागच्या मोकळ्या प्लॉटात लावायच्या, तिथं लाइट नाही, कुत्री फिरत्यात, आणि नाइटला मी संध्याकाळी आठला जाते तेव्हा तिथं चिटपाखरू नसतं. म्हणून चार वेळा स्कूटी समोर पेशंटच्या नातेवाइकांच्या पार्किंगात लावली. प्रत्येक वेळी सीटवर ५०० रुपयांचा कागद चिकटवला, वर लेट फी १०० प्रमाणे धरून २,४०० झाले. मी भरले नाहीत तर एचआरनं व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांसमोर माझं नाव टाकलं आणि म्हणले तीन हप्त्यात पगारातून कापू. पहिले ८०० या महिन्यात कापले पण. पगार १८,००० आहे. स्कूटी मिस्टरांच्या नावावर आहे. ऑफर लेटरवर म्हणे मी सही केलेली आहे की हॉस्पिटलची देणी पगारातून वळती करता येतील. जास्त बोलले तर एक्सपिरियन्स लेटर देणार नाहीत अशी भीती घालत्यात. घरचे म्हणतात भरून टाक आणि मोकळी हो. काय करू?

उत्तर : सिस्टर, घरच्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, पण भरून टाकायच्या आधी एवढं वाचा, कारण तुमच्याकडं दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळून आणून ठेवल्यात. ठेकेदार म्हणतो मला २,४०० द्या, हा झाला त्याचा आणि गाडीवाल्याचा मामला. आणि हॉस्पिटल म्हणतं आम्ही तुमच्या पगारातून कापतो, हा झाला मालक आणि कामगाराचा मामला. पहिल्यात वाद घालायला जागा आहे. दुसऱ्यात हॉस्पिटलची बाजू फार लंगडी आहे, म्हणून आधी पगाराचं बघू.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झालीय. त्यात कलम १८ मध्ये पगारातून काय काय कापता येतं त्याची यादी आहे, पीएफ, टॅक्स, उचल घेतलेली असेल तर ती, गैरहजेरी, आणि दंड. यादीत नाही ते कापायचं नाही, इतकं सरळ. आता दंड यादीत आहे म्हणून एचआर खुश होईल, पण दंडासाठी वेगळं कलम १९ आहे आणि ते मालकाचे हात चांगलेच बांधतं. कोणत्या चुकीला दंड लागेल ते सरकारकडून किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याकडून आधी मंजूर करून घ्यायचं आणि त्याची नोटीस लावायची. दंड करायच्या आधी तुम्हाला तुमची बाजू मांडायची संधी द्यायची. एका पगाराच्या महिन्यात सगळे दंड मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, म्हणजे १८,००० धरले तर ५४०, आणि तुमचे कापले ८००. पुढं ऐका, दंड हप्त्यानं वसूल करता येत नाही आणि तो लावल्यापासून ९० दिवस उलटून गेले की मग अजिबात करता येत नाही. एचआरनं तुम्हाला मेहेरबानी म्हणून जे तीन हप्ते करून दिले तेच मुळात कायद्यात बसत नाहीत! ही ३ टक्क्यांची मर्यादा काही आजची नवी नाही, १९३६ च्या जुन्या वेतन प्रदान अधिनियमातही तीच होती.

आणि मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की दंडाची प्रत्येक रक्कम रजिस्टरला नोंदवायची आणि तो पैसा फक्त कामगारांच्या भल्याच्या, मंजूर झालेल्या कामालाच वापरायचा असं त्याच कलमात लिहिलंय. मग तुमच्या पगारातून कापलेले ८०० पार्किंगवाल्याच्या खिशात कसे गेले? हा एक प्रश्न लेखी विचारा. मी बरीच वर्षं अशी पत्रं वाचतेय, ‘दंडाचं रजिस्टर दाखवा’ एवढं लिहिलं की बऱ्याच ठिकाणचा आवाज खाली येतो.

आता ते म्हणतील हा दंड नाहीच, दिलेल्या सोयीचा चार्ज आहे. ठीक आहे, मग सोय तुम्ही नोकरीची अट म्हणून किंवा दुसऱ्या कुठल्या प्रकारे मान्य केलेली असायला पाहिजे आणि कापलेली रक्कम त्या सोयीच्या किमतीपेक्षा जास्त नको. रात्रभर स्कूटी उभी करायची किंमत ५०० रुपये? आपल्याकडं पे अँड पार्कला एवढे कुणी देतं का, तुम्हीच सांगा.

ऑफर लेटरवरच्या सहीची धास्ती घेऊ नका. संहितेनं जो पैसा तुम्हाला मिळायला पाहिजे त्यावरचा हक्क सोडून देणारा करार त्यापुरता रद्दच धरला जातो, कलम ६०. सही केली म्हणून ३ टक्क्यांचे ३० टक्के होत नाहीत. मात्र आता नवीन कुठल्या कागदावर ‘स्वखुशीने’ असं लिहून सही करू नका, ड्यूटी संपताना घाईत पुढं करतात तो कागद घरी आणून वाचा.

ठेकेदाराचं बघू. तो पोलिस नाही, आरटीओ नाही. त्याच्या कागदाला चलन म्हणता येत नाही, ते फक्त मागणीचं पत्र. त्याचा दावा करारावर उभा आहे, तुम्ही बोर्ड वाचून गाडी लावली म्हणजे अट मान्य केली असं तो म्हणणार. मग बोर्ड होता का, रात्री दिसत होता का, मराठीत होता का, ५०० चा आकडा त्यावर होता का? आज नाइट असेल तर आजच मोबाइलनं फोटो काढा, समोरच्या गेटचे आणि मागच्या अंधाऱ्या प्लॉटचे, दोन्हीचे, उद्या तिथं नवा बोर्ड लागलेला असेल. करारात आधीच दंडाचा आकडा ठरवला तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणं मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा फार तर वरची मर्यादा, सुप्रीम कोर्टानं १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बाळकिशन दास या प्रकरणात ते स्पष्ट केलंय. वरची लेट फी तर त्याची त्यानंच ठरवली. त्याला खरंच वसूल करायचे असतील तर त्यानं दिवाणी कोर्टात जावं, तुमच्या एचआरमार्फत नाही. गाडी मिस्टरांच्या नावावर आणि कापला तुमचा पगार, हा मुद्दाही लिहा.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं सांगते. नातेवाइकांची जागा ही नातेवाइकांचीच आहे, रात्री बीडहून नाहीतर वैजापूरहून पेशंट घेऊन आलेला माणूस गाडी कुठं लावणार, आणि ॲम्ब्युलन्सच्या वाटेत तर कधीच लावू नका. पण बाईमाणसाला रात्री कामावर बोलवायचं तर तिची संमती आणि सुरक्षितता बघणं मालकावर आहे, संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी, हे नव्या व्यवसाय सुरक्षा संहितेत लिहिलेलं आहे. म्हणून अर्जात लाइटची मागणी टाकाच, ती दंडाइतकीच खरी तक्रार आहे.

अर्ज असा साधा लिहा : ‘माझ्या अमुक महिन्याच्या वेतनातून पार्किंग दंड म्हणून ८०० रुपये कापले. मला आधी म्हणणं मांडायची संधी दिली नाही. कपात कोणत्या मंजूर नियमाखाली केली त्याची प्रत आणि दंड रजिस्टरची नोंद द्यावी, कापलेली रक्कम परत करावी आणि पुढची कपात थांबवावी. मागच्या पार्किंगात लाइट लावावा.’ दोन प्रती करा, एकीवर आवक विभागाचा शिक्का घ्या, नाही दिला तर ईमेल करा नाहीतर रजिस्टर पोस्टानं पाठवा. सॅलरी स्लिप आणि ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन व्हायला वेळ लागत नाही.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर कामगार उपायुक्त कार्यालयात जा. क्लेम करायला तीन वर्षांची मुदत आहे, बऱ्याच जणींचे पैसे कापलेले असतील तर सगळ्यांचा मिळून एकच अर्ज चालतो, आणि अशी कपात बेकायदा ठरली तर रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायचा अधिकार तिथल्या प्राधिकरणाला आहे. कपात बरोबर होती हे सिद्ध करायचं ओझंही तुमच्यावर नाही, मालकावर आहे. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन १५१००.

एक्सपिरियन्स लेटरची भीती मला कळते, सहा वर्षांची नोकरी आहे. म्हणूनच एकटीनं जाऊ नका, तुमच्या वॉर्डातल्या ज्यांचे कापलेत त्या तिघीचौघींना आधी चहाला बोलवा.

प्रश्न : जालन्याला स्टील कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला आहे. गेटवरच्या सिक्युरिटीनं बाइकला जॅमर लावला आणि ३०० रुपये मागतोय, नाही दिले तर ठेकेदार पगारातून कापणार आणि सिबिल खराब करणार म्हणतो. खरं आहे का?

उत्तर : भाऊ, सिबिलचं निव्वळ घाबरवणं आहे. तिथं माहिती बँका, फायनान्स कंपन्या वगैरे कर्ज देणारे पाठवतात, तुम्ही सिक्युरिटीकडून कर्ज घेतलेलं नाही. पगाराचे वर सिस्टरना सांगितलेले सगळे नियम तुम्हालाही लागू आहेत, ठेक्यावर आहात म्हणून कमी नाहीत, आणि ठेकेदारानं पगार दिला नाही तर राहिलेल्या वेतनाची जबाबदारी कारखान्यावर येते, म्हणून अर्जाची एक प्रत कारखान्याच्या एचआरलाही द्या. जॅमर काढायला लावण्यासाठी आत्ता ३०० द्यावेच लागले तर पावती घ्या आणि त्यावर पेनानं लिहा, ‘मान्य नाही, गाडी सोडवण्यासाठी दिले’. मग भांडायची वाट मोकळी राहते.