लूपच्या फेऱ्यांमधला ‘विराम’ आणि ‘अंतर’

सर्व्हरने, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या संगणकाने, घालून दिलेली विनंत्यांची मर्यादा ओलांडली जाऊ नये, म्हणून विनंत्या पाठवणाऱ्या लूपच्या (प्रोग्रॅममधल्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) प्रत्येक फेरीनंतर प्रोग्रॅमला थोडा वेळ थांबवतात. या थांबण्याला मराठी मार्गदर्शिकेत ‘विलंब’ म्हणावे की ‘विराम’, असा प्रश्न आहे.

माझा कौल ‘विराम’ या शब्दाला आहे. संगीतातली ‘विलंबित लय’ सोडली, तर ‘विलंब’ म्हटले की ठरलेली वेळ टळल्याचा भाव मनात येतो. ‘विलंब शुल्क’ हा प्रयोग त्यातूनच आला आहे. इथे उशीर कोणालाच झालेला नाही, थांबणे जाणूनबुजून आहे. ‘खंड’ हा शब्दही नको, कारण खंड पडतो तेव्हा चालू काम मोडते.

मात्र एकट्या ‘विराम’ने भागत नाही, त्याच्या जोडीला ‘अंतर’ हवे. ‘प्रत्येक विनंतीनंतर एक सेकंद थांबावे’ आणि ‘दर सेकंदाला एक विनंती पाठवावी’ ही वाक्ये सारखी वाटली, तरी त्यांवरून लिहिलेले प्रोग्रॅम वेगळे होतात. मर्यादा मिनिटाला ६० विनंत्यांची आहे आणि उत्तर यायला ०.४ सेकंद लागतात, असे धरू. पहिल्या वाक्याप्रमाणे एक फेरी १.४ सेकंदांची होते आणि मिनिटात जेमतेम ४३ विनंत्या जातात. दुसऱ्याप्रमाणे उत्तर आल्यावर उरलेले ०.६ सेकंदच थांबायचे असते, आणि उत्तरालाच सेकंदाहून अधिक वेळ लागला तर थांबायचेच नसते. म्हणून एका विनंतीच्या आरंभापासून पुढच्या विनंतीच्या आरंभापर्यंतच्या काळाला ‘अंतर’ म्हणावे, आणि ते साधण्यासाठी प्रोग्रॅम जितका वेळ स्वस्थ राहतो त्याला ‘विराम’. क्रियापदेही जपून वापरावीत: विराम घ्यावा, अंतर राखावे. ‘राखणे’ या क्रियापदात सतत लक्ष ठेवण्याचा जो अर्थ आहे, तोच इथे अभिप्रेत आहे.

मर्यादा ओलांडलीच, तर सर्व्हर ४२९ हा ‘फार विनंत्या झाल्या’ असे सांगणारा एचटीटीपी (वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांतला) संकेतांक पाठवतो, आणि किती वेळाने पुन्हा यावे हेही त्यासोबत कळवू शकतो. हा काळ आपण ठरवलेला नसून दुसऱ्याने नेमून दिलेला असतो, म्हणून तिथे ‘प्रतीक्षा’ हा शब्द चपखल बसतो. प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ १, २, ४, ८ सेकंद असा दुप्पट करण्याच्या रीतीला (इंग्रजीत ‘बॅकऑफ’) ‘माघार’ म्हटलेले मला पटत नाही, कारण माघार घेणारा प्रयत्न सोडून देतो. ‘वाढता विराम’ हे सरळ नाव पुरेसे आहे.